पाण्याचे सरकारी दप्तर : ते कसे उघडावे व कसे वाचावे

जमिनीचे दप्तर कसे पाहावे हे आपल्याकडील बहुतेक खातेदारांस ठाऊक आहे. गाव व गट क्रमांक सांगितला की सातबाऱ्याचा उतारा हाती येतो. आणि तो हाती आला म्हणजे क्षेत्र किती, आकार किती, इतर हक्कांत बोजा कोणाचा, हे वाचण्याचीही सर्वांस सवय झालेली आहे. परंतु ज्या पाण्यावाचून त्या जमिनीस किंमत नाही, त्या पाण्याचेही एक दप्तर सरकारने ठेविलेले आहे, ते सर्वांस खुले आहे व पाहण्यास फी पडत नाही, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत आहे. ज्यांस माहीत आहे त्यांपैकीही पुष्कळ जण ते एकदा उघडून, आकड्यांचे रान पाहून, पुन्हा त्या वाटेस जात नाहीत. प्रस्तुत लेखात त्या दप्तरात शिरण्याची वाट, त्यातील आकड्यांचा अर्थ आणि ते वाचताना होणारे घोटाळे यांचा विचार करावयाचा आहे.

हा विचार केवळ ज्ञानासाठी नाही. उन्हाळ्यात विहीर आटू लागली म्हणजे बोअर घ्यावी असे मनात येते. एक कोरडी गेली म्हणजे दुसरी घेतली जाते, आणि दोन्हींचे कर्ज मात्र ओले राहते. ज्या निर्णयावर दोन-तीन सालांचे उत्पन्न गहाण पडावयाचे, तो निर्णय केवळ पाणाड्याच्या शब्दावर किंवा शेजाऱ्यास पाणी लागले एवढ्यावरून करणे शहाणपणाचे नाही. पाणाड्यास बोलावू नये असे आमचे म्हणणे नाही; त्यास बोलावण्यापूर्वी दप्तर पाहावे, एवढेच म्हणणे आहे.

१. हे दप्तर कोणाचे

या दप्तराचे नाव ‘इंडिया डब्ल्यूआरआयएस’, म्हणजे भारताची जलसंपदा माहिती प्रणाली, असे आहे. केंद्रीय जल आयोग व इस्रो या दोन संस्थांनी मिळून ते प्रथम सिद्ध केले व २०१० साली लोकांस खुले झाले. पुढे २०१८ मध्ये राष्ट्रीय जल माहिती केंद्र स्थापन होऊन हे काम त्या केंद्राकडे आले, व २०१९ साली त्यास नवे रूप मिळाले.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. हे केंद्र स्वतः सर्व मोजण्या करीत नाही. पावसाचे आकडे मुख्यतः भारतीय हवामान विभागाचे असतात. हा विभाग १८७५ सालापासून चालू आहे. नद्या व मोठी धरणे यांचे आकडे केंद्रीय जल आयोगाकडून येतात. भूजलाचे आकडे केंद्रीय भूजल मंडळ व राज्यांच्या यंत्रणा यांचे असतात. आपल्या राज्यात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. ती १९७२ साली, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, स्थापन झाली. तात्पर्य, निरनिराळ्या कचेऱ्यांतील रुमाल एका खोलीत आणून मांडावेत तसे हे संकेतस्थळ आहे. रुमाल कोणत्या कचेरीचा, हे पाहिल्याशिवाय आतील कागदाचा अर्थ लागत नाही.

२. शिरण्याची वाट

संकेतस्थळाचा पत्ता इंडियाडब्ल्यूआरआयएस डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. मोबाईलवर ते उघडते, परंतु नकाशा व तक्ता नीट दिसण्यास संगणकाचा मोठा पडदा बरा. घरी संगणक नसल्यास शाळेत शिकणाऱ्या मुलास बरोबर घेऊन गावातील सेवा केंद्रात बसावे.

तेथील मजकूर इंग्रजीत आहे. तथापि कामापुरते शब्द दहाबाराच आहेत. ‘ग्राउंड वॉटर लेव्हल’ म्हणजे भूजलाची पातळी, ‘रेनफॉल’ म्हणजे पाऊस, ‘रिझर्व्हायर’ म्हणजे जलाशय, ‘बेसिन’ म्हणजे नदीचे खोरे. त्यापुढे ‘स्टेट’, ‘डिस्ट्रिक्ट’ व ‘स्टेशन’, म्हणजे राज्य, जिल्हा व मोजणीचे ठिकाण. ‘एजन्सी’ म्हणजे मोजणारी कचेरी, ‘पीरियड’ म्हणजे मुदत, व ‘डाउनलोड’ म्हणजे उतारा उतरवून घेणे.

पडद्यावरील मांडणी मधूनमधून बदलते. आज जे डाव्या हातास आहे ते उद्या वर जाईल. म्हणून कोठे बोट ठेवावे हे पाठ न करता प्रश्नांचा क्रम पाठ करावा. तो येणेप्रमाणे : काय पाहावयाचे, कोठले, कोणी मोजलेले, कोणत्या मुदतीचे. या चार प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने देत गेल्यास कितीही मांडणी बदलली तरी वाट चुकत नाही.

मुदत निवडताना जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरू नये. पाण्याचे वर्ष १ जूनपासून पुढील ३१ मेपर्यंत असते. पावसाने जे दिले त्याचा खर्च उन्हाळ्याच्या अखेरीस संपतो. शिवाय एकदोन वर्षे न पाहता निदान दहा वर्षांचा उतारा घ्यावा. एका सालावरून विहिरीची प्रकृती समजत नाही.

३. विहिरीचा आकडा

भूजलासाठी काही ठरावीक विहिरी निवडलेल्या असतात. त्यांस निरीक्षण विहिरी म्हणतात. त्यांतील पाण्याची खोली ठरावीक महिन्यांत मोजली जाते. आपली राज्य यंत्रणा साधारणतः ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत मोजते. केंद्रीय भूजल मंडळाच्या मोजण्या ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी व उन्हाळा अशा असतात. म्हणून एका वर्षाचा ऑक्टोबर व दुसऱ्या वर्षाचा नोव्हेंबर यांची तुलना करू नये. त्या एका महिन्यात रब्बीची पहिली पाणी-पाळी झालेली असते, व पातळी उतरलेली दिसली म्हणजे आपण उगाच घाबरतो.

दुसरा घोटाळा आकडा वाचण्यातला. दप्तरातील आकडा हा पाण्याच्या उंचीचा नसून जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचा असतो. म्हणून आकडा वाढला म्हणजे पाणी वाढले असे नव्हे; पाणी खाली गेले असे समजावे. कोठे कोठे, विशेषतः यंत्राने आपोआप घेतलेल्या नोंदींत, हीच खोली उणे चिन्हासह दिलेली आढळते. काही उताऱ्यांत समुद्रसपाटीपासूनची उंची असते. तेथे मात्र आकडा वाढणे म्हणजे पाणी वर येणे होय. तेव्हा स्तंभाच्या डोक्यावर काय लिहिले आहे ते प्रथम वाचावे, मग आकडा वाचावा.

माप मीटरचे असते. वडील माणसे परसाने बोलतात, आपण फुटांनी बोलतो, दप्तर मीटरने बोलते. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणजे साडेनऊ मीटर हे सुमारे ३१ फूट झाले. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. त्या वेळी मोजणी झाली नाही किंवा नोंद आली नाही, एवढाच तिचा अर्थ. ‘ड्राय’ असे लिहिले असल्यास त्या विहिरीच्या तळापर्यंत पाणी नव्हते असे समजावे.

४. ऑक्टोबर व मे यांचा ताळा

आता खरा उपयोग पाहू. पावसाळा संपताच घेतलेली नोंद म्हणजे जमेची बाजू, व मे महिन्यातील नोंद म्हणजे खर्च वजा जाता उरलेली शिल्लक. दोन्ही दहा वर्षे ओळीने मांडली म्हणजे गावाच्या पाण्याची कीर्द तयार होते. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, पहिल्या गावी दहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पाणी २.४ मीटर खोल होते व मेमध्ये ६.८ मीटर. हल्ली ऑक्टोबरात २.५ व मेमध्ये ९.० मीटर आहे. येथे पावसाळ्यात जमीन पूर्वीइतकीच भरते. म्हणजे जमा कमी झालेली नाही, खर्च वाढला आहे. अशा गावी आणखी एक बोअर घेणे म्हणजे त्याच हंड्यात आणखी एक वाटी घालणे होय. उपाय पिकाच्या निवडीत व पाळ्यांच्या काटकसरीत आहे.

दुसऱ्या गावी ऑक्टोबरचाच आकडा २.५ वरून ५.० मीटरवर गेला आहे. येथे पावसाळ्यातही जमीन पूर्वीसारखी भरत नाही. आदल्या वर्षीचा उपसा इतका झालेला असतो की एका पावसाळ्याने भर पडत नाही, किंवा पाणी मुरण्याच्या जागा बुजल्या आहेत. येथे उपसा आवरण्याबरोबरच नाला, बांध व पाझर तलाव यांकडे गावाने मिळून लक्ष दिले पाहिजे.

तिसऱ्या गावी एखाद्याच साली दोन्ही आकडे खोल गेले व पुढे पूर्ववत झाले. ते साल २०१५ किंवा २०१८ यांसारखे अपुऱ्या पावसाचे असेल, तर तो दोष पावसाचा; त्यावरून कायमचे अनुमान काढू नये.

एकाच दृष्टीस सारख्या दिसणाऱ्या तीन कोरड्या विहिरींची कारणे अशी तीन असू शकतात, व प्रत्येकीचे औषध निराळे आहे. ही परीक्षा उतारा समोर असल्याखेरीज होत नाही.

५. एक मीटर म्हणजे किती पाणी

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, आहे. या पाषाणात पाणी सर्वत्र भरलेले नसते. वरचा कुजलेला मुरूम, मांजऱ्या व भेगा यांत ते राहते. खाली अभंग काळा खडक लागला म्हणजे कित्येक मीटर गेले तरी पाणी मिळेलच असे नाही. अशा कुजलेल्या, सच्छिद्र व भेगाळ बेसाल्टाची पाणी सोडण्याची शक्ती शेकडा २ च्या आसपास धरतात.

याचा हिशेब करून पाहावा. एक हेक्टर जमिनीखालील पाणी एक मीटर उतरले, म्हणजे १०,००० घनमीटर खडकातून शेकडा २ प्रमाणे २०० घनमीटर, अर्थात २ लाख लिटर, पाणी निघाले. एक हेक्टर पिकास ५० मिलिमीटरची एक पाळी द्यावयाची म्हटले तर ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर, पाणी लागते. म्हणजे बाहेरून भर न येता, स्वतःच्या हेक्टराखालील पाण्यावर एक पाळी दिली तर पातळी अडीच मीटर उतरते. आपली विहीर चार पाळ्यांनंतरही टिकते याचे कारण आजूबाजूच्या रानांतून पाणी तिच्याकडे येते. आणि शेजारच्या प्रत्येक विहिरीचाही त्याच पाण्यावर डोळा असतो.

तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात हा हिशेब वेगळा पडतो, कारण तेथील वाळूमिश्रित गाळ बेसाल्टाच्या कित्येक पट पाणी सोडतो. म्हणून जळगावकडील शेतकऱ्याने मीटरभर उताराचा जो अर्थ करावयाचा, तो सोलापूरकडील शेतकऱ्याने करू नये. आकडा एक, अर्थ दोन.

बोअर अधिकाधिक खोल नेण्याच्या हौसेस कायद्याचीही मर्यादा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ याने ६० मीटर व त्याहून खोल विहिरीस ‘खोल विहीर’ ठरवून तिजवर निर्बंध घातले आहेत. ६० मीटर म्हणजे सुमारे १९७ फूट. यंत्र दारात आणण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानी असावी.

६. पावसाचा रुमाल

पावसाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतात व ती मागील २४ तासांची असते. म्हणून १० तारखेच्या नोंदीत ९ तारखेच्या सायंकाळी पडलेला पाऊस येतो. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तो दिवस हवामान विभाग पावसाचा दिवस धरतो. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हे कोष्टक पाठ असावे.

जिल्ह्याच्या सरासरीवर भरवसा ठेवू नये. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात ५०० मिलिमीटरांच्या आसपास. या दोहोंची सरासरी काढून जो आकडा येईल तो कोणाच्याच शेतात पडलेला नसतो. तेव्हा जिल्ह्यावर न थांबता आपल्या महसूल मंडळाचा आकडा शोधावा. मंडळवार पाऊस राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. अतिवृष्टी ठरविताना मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर ही मर्यादा शासन धरीत आलेले आहे. पीक बुडाल्यावर तक्रार करावयाची झाल्यास ‘पुष्कळ पाऊस झाला’ असे लिहून भागत नाही. तारीख, मंडळ व मिलिमीटर यांसह लिहिलेल्या अर्जास निराळे वजन येते.

पावसाची केवळ बेरीजही फसवी असते. ६०० मिलिमीटर चाळीस दिवसांत पडला काय आणि पंधरा दिवसांत पडला काय, बेरीज एकच. परंतु पहिल्याने पीक पिकते व पाणी मुरते, दुसऱ्याने बांध फुटतात. म्हणून बेरजेबरोबर पावसाचे दिवस व मधील उघडीप मोजावी.

७. धरणाचा आकडा

कालव्याखालील शेतकऱ्यांनी जलाशयाच्या पानावर दोन शब्द ओळखावेत. ‘ग्रॉस’ म्हणजे एकूण साठा व ‘लाइव्ह’ म्हणजे उपयुक्त साठा. दोहोंतील फरक तो मृत साठा. सामान्यतः कालव्यास तो मिळत नाही.

पैठणच्या जायकवाडी धरणाचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी ७३८ मृत व २,१७१ उपयुक्त आहे. समजा, एखाद्या दिवशी त्यात एकूण १,८२३ दशलक्ष घनमीटर पाणी आहे. एकूण साठ्याशी ताडले तर ते सुमारे ६३ टक्के होते. उपयुक्त साठ्याशी ताडले तर ५० टक्केच. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु रब्बीच्या आवर्तनाचा अंदाज दुसऱ्यावरून करावयाचा असतो. उजनीचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे एकूण सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ हून अधिक टीएमसी मृत साठा आहे. म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ असे ऐकू येते. उणे म्हणजे धरणात पाणी नाही असे नव्हे, उपयुक्त साठा संपून मृत साठ्यास हात लागला असा त्याचा अर्थ. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, हेही टिपून ठेवावे.

८. तालुक्याचा वर्ग

भूजल किती जमा होते व त्यांपैकी किती उपसले जाते, याचे प्रमाण तालुकावार काढतात. उपसा शेकडा ७० पर्यंत असल्यास तालुका सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, व शंभराहून अधिक असल्यास अतिशोषित. २०२२ पासून हा हिशेब दरवर्षी होत आहे. मात्र तालुका सुरक्षित म्हणून आपला पाणलोट सुरक्षित, असे मानू नये. ओढ्याच्या एका काठास ऊस व दुसऱ्या काठास ज्वारी असेल, तर एकाच तालुक्यात दोन निराळ्या कथा चालू असतात.

९. दप्तर कोठे अपुरे पडते

दप्तराचा आंधळा भरवसाही बरा नव्हे. निरीक्षण विहीर तुमच्या गावात नसेल, किंवा गावात असूनही टेकडीच्या पलीकडील पाणलोटात असेल. ती नदीकाठी व तुमचे रान माळावर असेल, तर तिचा आकडा तुम्हांस लागू नाही. नकाशावर ती विहीर कोठे आहे हे पाहून, तिच्या व आपल्या विहिरीमध्ये मोठा ओढा किंवा टेकडी येते काय, जमीन एकाच जातीची आहे काय, हे शेतकऱ्यानेच ठरवावयाचे आहे. संगणकास ते ठरविता येत नाही. शंका राहिल्यास भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात उतारा घेऊन जावे. हाती कागद असलेल्या मनुष्यास नेमका प्रश्न विचारता येतो, व नेमक्या प्रश्नास उत्तरही नेमके मिळते.

सर्वांत उत्तम म्हणजे आपल्या विहिरीची स्वतंत्र वही ठेवावी. सुताच्या दोरीस वजन बांधून, मोटर निदान रात्रभर बंद ठेवून, सकाळी काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. विहिरीचा काठ जमिनीपेक्षा उंच असेल तर तेवढी उंची वजा करावी. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे असे चारच दिवस वर्षातून द्यावयाचे आहेत. दोन-तीन वर्षांत सरकारी विहीर व आपली विहीर बरोबरीने चढते-उतरते की नाही ते कळेल. बरोबरीने चालत असतील, तर सरकारी दप्तरातील मागील सर्व वर्षे आपल्याही विहिरीस दिशादर्शक ठरतात. एका गावातील दहा खातेदारांनी अशा वह्या ठेविल्या, तर २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने जो गावाच्या पाण्याचा ताळेबंद शिकविला, तो कोणाची वाट न पाहता गावास स्वतः मांडता येईल.

सारांश, पुढील नियम ध्यानात ठेवावेत :

(१) काय, कोठले, कोणी, केव्हा हा क्रम सोडू नये.
(२) आकड्यापूर्वी माप व स्तंभाचे शीर्षक वाचावे.
(३) ऑक्टोबरशी ऑक्टोबर व मेशी मे ताडावा. निदान दहा वर्षे पाहावीत.
(४) सरासरीवर न थांबता आपल्या जवळच्या ठिकाणाचा आकडा शोधावा.
(५) धरणाची टक्केवारी कोणत्या साठ्याशी काढली ते पाहावे.
(६) दप्तराचा आकडा आपल्या विहिरीच्या दोरीशी ताडून पाहावा.

सातबाऱ्यात चूक झाली तर अर्ज करून ती दुरुस्त होते. जमिनीतून निघून गेलेले पाणी अर्जाने परत येत नाही, व कोरड्या बोअरचे कर्ज दप्तर पाहिले नव्हते म्हणून माफ होत नाही. येत्या ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर प्रत्येक सभासदाने आपल्या जवळच्या निरीक्षण विहिरीचा उतारा काढावा व त्याच दिवशी आपल्या विहिरीत दोरी सोडावी. पुढील पेरणीचा निर्णय त्या दोन आकड्यांसमोर बसून करावा.